दहा बदकांना एक हरभरा

यावलच्या स्टँडवर मी जळगावच्या गाडीसाठी रांगेत उभा होतो. बायको गेल्यापासून दर रविवारी मुलाकडे जेवायला जातो. शेजारी हतनूर धरणाच्या गाडीच्या रांगेत एक बाई होत्या. त्यांच्या हातात हरभऱ्यांची पिशवी आणि एक वही होती. दीर त्यांना परत न्यायला आला होता.

“इंदिरावहिनी, घरी चला. दादाला जाऊन चार महिने झाले नाहीत. वर्षश्राद्धापर्यंत तुम्ही उंबरा ओलांडू नये.”

“धरणावरची बदकं वर्षश्राद्धापर्यंत थांबतील का, रतिलालभाऊ? होळी झाली की ती निघतात.”

“एक वर्ष नाही मोजली तर काय बिघडतं?”

“नऊ वर्षं मोजली. आता तुमच्या भावाची वही कोरी ठेवू?”

“मोजायचा तो. तुम्ही डबा घेऊन जायच्या.”

“त्यांना लांबचं कुठं दिसायचं? मी मोजायची. दहा बदकं झाली की एक हरभरा ओच्यात टाकायची. ते नुसते हरभरे मोजून लिहायचे.”

“हे कधी बोलला नाही तो.”

“तुम्ही कधी विचारलं?”

“लोक तोंडात शेण घालतील, वहिनी.”

“घालू द्या. हात त्यांचेच भरतील.”

“आणि लिहील कोण? तुम्हाला तर अक्षर येत नाही.”

 बाई माझ्याकडे वळल्या.

“नाना, तुम्हाला आकडे लिहिता येतात?”

“येतात.”

“मग या रांगेत या.”

जळगावची गाडी लागली होती. मी बाईंच्या मागे जाऊन उभा राहिलो.