होडीवरचं घर

मी मूळची डोंगरीची, लग्न होऊन दर्याकाठच्या पालीत आली. आमच्या डोंगरीला बापाची भाजीची वाडी व्हती, जमीन अशी कडक का कुदळ मारायला दोन माणसं लागायची. आणि सासरी मागच्या स्वयंपाकघरात पाय टाकला का भुसभुशीत. मी नवऱ्याला विचारलं, आंतोन, तुमच्या घराखाली पोकळ हाय काय? तो हसला, बोलला, मासेमाराचं घर हाय, थोडं हलणारच. काय सांगू तुमाला, मी नवी नवरी, मला वाटलं मस्करी करतोय.

घर पुढून चांगलं, मागून खचायचं. प्रत्येक पावसाळ्यात मागच्या भिंतीला तडा जायचा आणि मी उन्हाळ्यात त्यात सिमेंट भरायची, पापड-मसाल्याची कामं असतात ना वर्षाची, तसं ते माझं एक काम. सासऱ्याला तडा दाखवला का तो तोंड फिरवायचा. पण माणूस देवमाणूस, मला कधी उलट शब्द बोलला न्हाय, सुकट निवडायला माझ्यासोबत बसायचा, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. तो गेला, आंतोनचा गुडघा गेला, दर्यावर जाणं बंद झालं, आणि गेल्या पावसात भिंत अशी फुगली का माझी मुलगी जेसिका बोलली, आई, आता बस, पाडू आणि नवीन बांधू. ती अंधेरीला ऑफिसात जाते, तिचं आमी ऐकतो.

घर पाडलं, गल्लीतच भाड्याची खोली घेतली. काशीमीऱ्याचा कंत्राटदार बोलला, चाची, हम सब जगह ऐसा ही डालते हैं, खड्डे मारायचे आणि कॉलम उभे करायचे. पण जेसिकाची मैत्रीण शिल्पा, इंजिनियर हाय, केबिन रोडला राहते, ती बोलली, मावशी, जमीन बघितल्याशिवाय पाया ठरवायचा न्हाय, पुढे एक खड्डा घ्या, मागे एक. पुढे गुडघाभर खणलं तर खडक. मागे निघाल्या शिंपल्या, मग वाळू, मग काळं कुजलेलं लाकूड आणि हे एवढाले गंजलेले खिळे. कंत्राटदार बोलला, कोई पेड़ होगा. आंतोन खड्ड्याच्या काठावर बसला तो उठेचना.

मग बोलला, ती बाबाची होडी हाय. आंतोन लहान असताना ती होडी म्हातारी झाली. लोक जुनी होडी तोडून लाकूड विकतात, चुलीत घालतात, सासऱ्याचं मन होईना. जिनं आपल्याला भात घातला तिला जाळायची कशी? तवा घरामागे खाडीचं पाणी शिरायचं असा खड्डा व्हता, त्यात होडी उतरवली, वरून शिंपल्या, वाळू, माती टाकली, आणि नंतर घरात जागा कमी पडली तवा त्याच्यावरच स्वयंपाकघर काढलं. लोक हसतील म्हणून पोराला बोलला, कोणाला सांगू नको. मला राग आला, खोटं कशाला बोलू? एवढी वर्षं मी होडीवर चूल पेटवली आणि या माणसाला ठाऊक व्हतं.

आता पाया कुठला? शिल्पाने सांगितलं, जमीन नरम असली का सगळ्या घराखाली एकच जाड स्लॅब टाकतात, राफ्ट बोलतात त्याला. आंतोनला तेच पायजे व्हतं, होडी खाली तशीच राहील. पण ती बोलली, काका, सगळी जमीन सारखी नरम असती तर चाललं असतं. इथे अर्धा खडक, अर्धं कुजतं लाकूड, घर मागे कलंडेल. होडी काढा, खडक लागेपर्यंत जा आणि सगळे कॉलम खडकावर घ्या. आंतोन बोलला, बापाने बांधलेली कबर मी उकरणार न्हाय. काम थांबलं. पाऊस तोंडावर आलेला, जेसिका रडकुंडीला आली, आणि हा माणूस दिवसभर त्या खड्ड्याजवळ खुर्ची टाकून बसायचा.

दोन दिवस मी त्याला तिथेच चहा नेऊन दिला. मग त्याच्या बाजूला जाऊन बसली, बोलली, तुझ्या बापाने तिला पुरली ती आराम मिळावा म्हणून. आपण तिच्या डोक्यावर घर ठेवलं, तिला आराम कुठे मिळाला?

 दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आंतोन स्वतः खड्ड्यात, दुखऱ्या गुडघ्याने, फावडं घेऊन. गल्लीतले लोक आले, आमच्यात होडी किनाऱ्यावर ओढायची असली का बोलवावं लागत न्हाय, तसेच आले. फळी फळी काढली. फादरनी येऊन प्रार्थना केली, मग आंतोनच्या चुलतभावाच्या बोटीतून सगळं लाकूड दर्यात सोडलं. आंतोन तवा ढसाढसा रडला, मी पण रडली, सासऱ्याची एवढी आठवण तो गेला तवा पण आली नसेल. मग कॉलम खडकावर उभे राहिले.

आता पाऊस झाला, घराला कुठे रेघ न्हाय. तुमी पण घर बांधाल तवा आधी खाली काय हाय ते बघा, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि देव तुमाला सुखात ठेवो. आमचंच विचाराल तर आंतोनला अजून नीट झोप लागत न्हाय. परवा बोलला, रेजिना, हे घर हलतच न्हाय गं. मी बोलली, न्हाय हलत. आता आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर झोपतोयस, होईल सवय.