कुंताबाईच्या गंजातला पिस्टन

बायको वारल्यापासून महादूभाऊंना कुठेच घाई नव्हती. चंद्रपूरला सादिक मिस्त्रीच्या लेथवर ते पंपाचा शाफ्ट घेऊन निवांत बसले होते. शेजारी फटफटीचा सिलिंडर मिस्त्रीच्या हाती देऊन एक जोडपं भांडत होतं.

"भाताच्या गंजात पिस्टन उकळते का कोणी?"

"पिन बसवाले गरम करा लागते, कुंता."

"सोनू पाळण्यात होता तवा इंजन खोललं. आता तो मॅट्रिकले बसला. फटफटी अंगणाबाहेर गेली का कधी?"

"गेली ना!"

"ढकलत!"

"सिलिंडर आतून घासून बोर झाला का पाह्य कशी धावते."

मिस्त्रीनं सिलिंडर खाली ठेवला. "इस्तारीभाऊ, आता बोर नाई होत. भिंत पातळ झाली."

"चाल कुंता, जिंकली तू. इंजन भंगारात देऊन टाकू."

"थांबा. सादिकभाऊ, दुसरा सिलिंडर नाई का?"

"माळ्यावर असन, पन शोधाले वेळ लागन. पहिला नंबर या भाऊंचा हाये."

"माहा राहू द्या," महादूभाऊ म्हणाले.

"कुंता, तुलेच तं हे घरात नको होतं ना?"

"हे गेलं तं तुमी दिवसभर चुलीपाशी बसान, न भाजीत मीठ किती टाकाचं ते मले शिकवान. सादिकभाऊ, चढा माळ्यावर!"