अकरावं नाणं

पुतण्या: ताई, चांदीचा आजचा रेट बाहेर फळ्यावर लिहिलाय. अकरा नाणी. वजन करायचं, गुणायचं, पैसे घ्यायचे. एवढा विचार कसला करताय?

बाई: फळा वाचूनच आत आलेय. पण मी चांदी विकायला आले नाही, नाणी विकायला आलेय.

पुतण्या: वितळल्यावर सगळं सारखंच.

बाई: वितळवायचीच असती तर कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याकडे गेले असते. तो निदान बसायला स्टूल तरी देतो.

पुतण्या: काका! जरा बाहेर या. या ताईंना माझा रेट पटत नाहीये.

दुकानदार: आलो, आलो. बसा ना, उभ्या का? हं. घरी आणखी आहेत?

बाई: दीडशेच्या वर. ती विकायची नाहीत. ही एवढीच.

दुकानदार: बघू... ही पुडी. बसच्या तिकिटांच्या कोऱ्या कागदाची, अशी तिरकी घडी घालून. तुम्ही कंडक्टरसाहेबांच्या कोण?

बाई: मुलगी.

दुकानदार: कसे आहेत ते?

बाई: चार महिन्यांपूर्वी झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं अर्धं कळतं, अर्धं मी ओळखते. व्यायाम करून घ्यायला रोज माणूस येतो, त्याने बोटं जरा हलायला लागलीत. आणखी सहा महिने तरी लागतील म्हणतो. म्हणून ही विकायची.

दुकानदार: त्यांनी माझ्याकडे पाठवलं तुम्हाला?

बाई: नाही. त्यांनी सांगितलेल्या दोन दुकानांत जाऊन आले. दोघांनी फळ्यावरचाच भाव सांगितला. तुमच्या दुकानाचं नाव काढलं की बाबा भिंतीकडे तोंड फिरवतात. का, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?

दुकानदार: जुनी गोष्ट आहे. आधी भाव बोलू. तराजू सरकव रे. हे होडीचं. वजन बरोबर. कडा शाबूत. फळ्याच्या भावाच्या तिप्पट.

पुतण्या: काका, तिप्पट?

दुकानदार: तू गप्प बस. हेही तिप्पट.

बाई: बाबांनी विकायच्या नाण्यांची यादी दिलीय, त्यात याला चौपट लिहिलंय.

दुकानदार: भिंगातून बघा. राजाच्या गालावर ओरखडा आहे, दिसला? चौपट कुणी देणार नाही. दिलेच तर समजा, दुसऱ्या कशात तरी कापतोय.

बाई: ठीक. तिप्पट.

दुकानदार: ही चार एका वर्षाची. दुप्पट. ही तीन झिजलीत, दीडपट. हे छोटं मात्र चांगलं आहे, पाचपट देतो. मागितलं नव्हतंत ना एवढं?

बाई: नाही. यादीत तीनपट आहे.

दुकानदार: मग यादी चुकली. झाली दहा. आणि हे घोडेस्वाराचं. याचे चाळीस हजार. आकडा लिही रे, एकूण कर.

बाई: थांबा. हे तोललं नाहीत तुम्ही.

दुकानदार: ओळखीचं नाणं आहे. काय तोलायचं?

बाई: दहा तोललीत. झिजलेलीसुद्धा. आणि सगळ्यांत महाग तेवढं तसंच सोडलंत. मी इस्पितळात औषधं देते. कुठली गोळी मोजली आणि कुठली नाही, हे बघायचाच मला पगार मिळतो.

पुतण्या: काका, चाळीस हजारांचं नाणं न तोलता? द्या इकडे.

दुकानदार: हात लावू नकोस.

बाई: तोला.

(तराजूच्या ताटलीत नाणं ठेवल्याचा आवाज.)

पुतण्या: साडेनऊ ग्रॅम. हे साडेअकराच्या खाली येत नाही कधी. कडेला शिवणही आहे बघा. ओतीव आहे, काका. खोटं आहे हे!

बाई: म्हणजे माझ्या बाबांनी...

दुकानदार: नाही, ताई. त्यांना मी दिलं होतं हे.

बाई: तुम्ही?

दुकानदार: हे त्यांच्या यादीत आहे का?

बाई: नाही. यादीत दहाच आहेत. हे कपाटात वेगळं ठेवलेलं होतं, तुमच्या पावतीत गुंडाळून. पावतीवर सहा हजारांचा आकडा दिसला, म्हणून घेतलं. त्यांना दाखवलं तर नको, नको अशी मान हलवली. मला वाटलं, यात जीव अडकलाय त्यांचा.

दुकानदार: बावीस वर्षं झाली. दुकान काढून वर्षही झालं नव्हतं. माझ्या गळ्यात कुणीतरी मारलं होतं ते, आणि शपथेवर सांगतो, विकलं तेव्हा मला कळलं नव्हतं. दोन दिवसांनी तुमचे बाबा आले. म्हणाले, 'जन्मभर नाणी हाताळतोय, हे हाताला खरं लागत नाही.' मी तोललं. त्यांचं खरं होतं.

बाई: मग?

दुकानदार: दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती.

बाई: मग काय केलंत?

दुकानदार: म्हणालो, माझं खरं घरी ठेवून हे खोटं आणलंत. म्हणालो, कंडक्टर माणूस, सुटे पैसे मारायची सवयच तुम्हाला.

बाई: सगळ्यांसमोर.

दुकानदार: हो.

बाई: आणि ते?

दुकानदार: नाणं खिशात घातलं आणि गेले.

बाई: सुट्टीच्या दिवशी ते न चुकता बाजारात यायचे. मग एकदम थांबले. आई म्हणाली, बरं झालं, सुटला एकदाचा नाद.

दुकानदार: म्हणून चाळीस म्हणालो, ताई. खरं असतं तर आज तेवढेच आले असते. घ्या. व्यायामवाल्याचं भागेल.

बाई: आणि घरी जाऊन काय सांगू? खोटं नाणं चाळीस हजारांना खपवून आले म्हणून? बाबांना चोर म्हणालात, आणि आज मला खरंच चोर करून पाठवत होतात. वर मी तुमचे आभारही मानले असते.

दुकानदार: तसं मनात नव्हतं हो माझ्या.

बाई: असेल. दहा नाण्यांचे ठरले ते द्या, तो भाव रास्त आहे. याचे पावतीवरचे सहा हजार परत द्या. वर काही नको. आणि खोटं होतं, हे लिहून द्या.

पुतण्या: लिहून वगैरे काही मिळणार नाही! ताई, दुकानाच्या कागदावर असं लिहिलं तर उद्या बाजारभर बोभाटा होईल. माझेही पैसे गुंतलेत यात. काका, चाळीस द्या आणि मिटवा. पन्नास द्या हवं तर.

बाई: भाव चढला की खोट्याचा.

दुकानदार: ताई, तोंडी सांगा ना त्यांना. हात जोडून माफी मागितली म्हणून सांगा.

बाई: चोर म्हणालात तेव्हा ऐकायला चार माणसं होती. आता मी एकटी सांगणार आणि त्यांनी मानायचं? त्यांना वाटेल, मी समजूत काढतेय. मी हल्ली दिवसभर तेच करते.

पुतण्या: तो कागद घराबाहेर जाणार नाही, याची खात्री काय?

दुकानदार: खात्री? अरे, त्या माणसाला हे नाणं कुठेही खपवता आलं असतं. बावीस वर्षं कपाटात ठेवलं, पण दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारलं नाही. त्याच्या घरची खात्री मागतोस तू? पावतीपुस्तक दे.

पुतण्या: मी देणार नाही.

दुकानदार: मग सरक. खण मला उघडता येतो.

पुतण्या: काका, नाव जाईल दुकानाचं.

दुकानदार: ते त्याच दिवशी गेलं. तुला आज कळलं, इतकंच. हं. 'आमच्या दुकानातून विकलेलं घोडेस्वाराचं नाणं खोटं होतं. गिऱ्हाईकाचं म्हणणं खरं होतं. पैसे आज परत केले.' चालेल?

बाई: 'गिऱ्हाईक' नको. त्यांचं नाव घाला. आणि तुम्ही काय म्हणाला होतात, तेही.

दुकानदार: तेही?

बाई: तेही.

दुकानदार: ...'मी त्यांना चारचौघांत चोर म्हणालो. ते चूक होतं.' सही केली. शिक्का मारला. घ्या, वाचून बघा.

बाई: बरोबर आहे. पण दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहा. जरा मोठ्या अक्षरात. त्यांना आता बारीक दिसत नाही.