व्हय कोण म्हणालं?

रविवार, संध्याकाळचे पाच. मालवण बंदराजवळ दाजीचं चहाचं हॉटेल. हजर माणसं वीस-पंचवीस, आणि मी. हे आधी सांगून ठेवतो, कारण आता जो तो म्हणतोय की तो तिथे नव्हताच, कुणी वाडीत होता, कुणी जाळं विणत होता... मग दाजीचा चहा काय भुतं पीत होती? तुम्हाला सांगतो, मी तिथे होतो.

सहदेवाच्या नव्या गाण्यांच्या तबकड्या आल्या होत्या. सहदेव इथल्याच मासेमार गाबितांचा. स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो, आणि "गाणाऱ्याचा होडयेत काय काम?" म्हणून त्याच्या चुलतभावाने, लवूने, त्याला वडिलोपार्जित घराबाहेर काढला, तेव्हापासून मुंबईत एकटाच राहतो. मागे मुंबईत भेटला तेव्हा मला म्हणाला, "काका, पेपरात काय छापतत तां माका नको. गाव काय म्हणता तां कळवा. गाव बरा म्हणालो तर मी घराक येतलंय." बस, एवढंच काम. मी उभा जन्म बातमीदारीत घालवलाय, कलेक्टरला घाम फोडलाय; चार गाण्यांवर गावाचं मत काढणं म्हणजे काय मोठंसं?

दाजीने फोनोला चावी दिली. पहिलं गाणं समुद्राचं. सुगंधा उरलेल्या बांगड्यांची पाटी घेऊन दारातच टेकली होती. ती म्हणते, "इतको हळू गाता? तवसर माझे बांगडे कुसतले." दुसरं प्रेमाचं, त्यात व्हायोलिन. तर हा लवू, "ह्यां कित्याक रडता? कोण मेलो काय?" तिसऱ्याला दत्ताराम मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "चाल बरी आहे, शब्दांना वजन नाही." आणि त्याच मास्तरांचा पाय बाकाखाली ठेका धरत होता, नाही म्हणू देत, मी तिथे होतो. दाजीला विचारलं, तर म्हणतो, "गाणी बरी आसत, पण गिऱ्हायकां दुसरो चाय मागूक विसारली, तां वायट." आता ह्यातलं मत कुठलं आणि तक्रार कुठली, तुम्हीच सांगा.

मग चौथी तबकडी. सहदेवाने चक्क गाऱ्हाणं चालीत बांधलेलं. देवळात एकजण गावाचं मागणं देवापुढे मांडतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे इथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. फोनोच्या कर्ण्यातून "बा देवा म्हाराजा" आलं मात्र, आणि सगळं हॉटेल उभं राहिलं. कप खाली. लवूने टोपी काढली, हात जोडले.

"तुझा एक लेकरू परमुलखात आसा..."

"व्हय म्हाराजा."

"तेका घराची वाट दाखय..."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या माणसांनी दार उघडून तेका आत घेवंदे..."

"व्हय म्हाराजा." आणि सगळ्यांत मोठा आवाज लवूचा, डोळे मिटून, मान हलवून.

तबकडी संपली. सुई घरघरत राहिली. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, मग चपला शोधायला लागली.

मी सोमवारी तार केली. गाव व्हय म्हणालं. बातमी म्हणजे बातमी. तर दुसऱ्या दिवशी सगळा गाव माझ्यावर. सुगंधा म्हणते, "माझा त्वांड हललां, मन नाय." मास्तर म्हणतात, "ती सवय होती, संमती नव्हे." लवू म्हणतो, "मी देवाक म्हटलंय, सहदेवाक नाय." म्हटलं, बरं, मग देवाला दिलेला शब्द पाळ. तर म्हणतो, "फोनोत देव खंयसून येतलो?" अरे, देव नव्हता तर टोपी कुणासाठी काढलीस बाबा? आणि आता तर कुणी व्हय म्हणालंच नव्हतं म्हणे.

गुरुवारी बोट आली. सहदेव मचव्यातून धक्क्यावर उतरला, हातात ट्रंक. माझ्या पाठीमागे बघत म्हणाला, "बाकीचे मागसून येतहत?" मी म्हटलं, येतील.

दाजीच्या हॉटेलात गेलो, तर बाकं रिकामी, दाजीसुद्धा परसात काहीतरी शोधत बसलेला. सहदेवाने स्वतःच चावी दिली आणि चौथी तबकडी लावली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, प्रत्येक मागण्यानंतर त्याने गाण्यात जागा रिकामी सोडली होती... गावासाठी. त्या जागेत आज नुसती घरघर. शेवटच्या मागण्याला मला राहवेना, मीच म्हटलं, व्हय म्हाराजा. एकटाच आवाज, भिंतीवर आपटून परत आला.

सहदेव हसला. "काका, तुम्ही तळेऱ्याचे, भायरगावचे. तुमचो व्हय हयसर चलाचो नाय."

खरंच आहे. इतकी वर्षं इथे भाड्याच्या खोलीत काढली, पण देवळात गाऱ्हाण्याला मी मागेच उभा. आता खोलीत दोघं असतो. तो पेज रांधतो, मी बातम्या लिहितो, गाण्यांबद्दल कुणी बोलत नाही.

आणि वडिलोपार्जित घरात त्याच्या वाटणीच्या दाराला कुलूप आहे. पितळेचं, नवं कोरं. लवू म्हणतो मी लावलं नाही, वाडी म्हणते आम्ही बघितलं नाही. सगळ्यांना विचारून झालं. कुलूप कुणी लावलं... आणि तुम्हाला सांगतो, नेमका तेव्हा मी तिथे नव्हतो.