दसरूची ओळ

नूतन : सभा दोनदा तहकूब झाली, श्रावणभाऊ. कोरमच नाई. उद्याबी मानसं नाई आले, तं यंदा आपल्या जंगलातला बांबू कापाचा ठराव होत नाई. मंग उन्हाळाभर गावाले काम नाई.

श्रावण : ग्रामसभेची अध्यक्ष तू. दवंडी दे.

नूतन : देली. व्हॉट्सॲपवरबी टाकलं. आंगठे आले सत्तर, मानसं आले एकवीस.

श्रावण : मंग मी काय करू?

नूतन : ढोलकी काढा. तुमच्या दंडारीले गाव कसं लोटे, ते म्हातारी बायनाबाई अजून सांगते.

श्रावण : दंडार एकट्याची नसते, पोरी. मी राजा, दसरू रानी. तीस वर्षं लुगडं नेसून नाचला माह्यासंगं. मी गान्यात सवाल टाको, तो जवाब दे. पोळ्याले तो गेला, तवापासून ढोलकी खुंटीले हाय. आता जवाब कोन देईन? भिताड?

नूतन : समजते मले, भाऊ.

श्रावण : नाई समजत. त्याची बायको तरी मोकळी रडली. मी त्याचा कोन लागो? सोयरा नाई, भाऊबंद नाई. घरी येऊन भाकर खाल्ली अन् झोपलो.

नूतन : दसरूभाऊ असते तं काय म्हनले असते?

श्रावण : शिव्या देल्या असत्या मले. … किती वाजता हाय सभा?

(दुसऱ्या दिवशी दुपार. सभा उठली आहे. शाळेपुढे दोघंच.)

नूतन : एकशे बारा, भाऊ! ठराव झाला. बांबू आता गावच कापन. अन् तुमी काऊन असे बसून राह्यले?

श्रावण : तो लोकेश पोट्टा मांगून वरडला, आयकलं नाई का? "आजा पुढचं विसरला!" मंग साऱ्याइनं टाळ्या पिटल्या. कीव आली त्यायले म्हाताऱ्याची.

नूतन : तुमी गातागाता मंधातच थांबले ना. मलेबी वाटलं, विसरले.

श्रावण : विसरलो नोतो. ती ओळ दसरूची होती. ती आली का मी त्याच्याकडं पाहो. आजबी पाह्यलं. बाजूले नुसती खुर्ची.

नूतन : मले शिकवा ती ओळ. पुढच्या खेपेले मी म्हनन.

श्रावण : नोको, माय.

नूतन : पन पुढच्या सभेले याल ना?

श्रावण : येईन. गाव जमते, तं काऊन नाई येईन? फक्त लोकायले सांगून ठेव, मी थांबलो का टाळ्या नोका वाजवू. तेवढा वेळ दसरूचा हाय.