पटावर एक कमी

आजच्या सोहळ्याचं अध्यक्षपद भूषविणारे आदरणीय प्राचार्य महोदय, संस्थेचे सचिव वैजनाथराव, व्यासपीठावरील गुरुजन, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आणि ज्यांना जाऊ द्यावं असं इथं एकालाही वाटत नाही त्या प्राध्यापिका पल्लवी मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या वर्गबंधू-भगिनींनो!

हसू नका. वय अडुसष्ट असलं तरी मी बी.ए. तृतीय वर्षाचा, हजेरी क्रमांक सत्तेचाळीस, संपतराव, राहणार पुसेगाव. तुमचा वर्गबंधूच आहे. अजूनही कंडक्टर रोज विचारतो, "आजोबा, म्हातारपणाचं हाफ देऊ का विद्यार्थ्याचा पास दाखवता?" त्या बिचाऱ्याला अजून कळलं नाही, तर तुम्हाला काय कळणार?

मॅडम सहा वर्षं आपल्याकडं तासिका तत्त्वावर शिकवीत होत्या. आता लांबच्या कॉलेजात कायम नेमणूक झाली. आनंदाची गोष्ट आहे, असं मला सकाळपासून चार जणांनी समजावलं. मीही मान डोलावली. पण मॅडमविषयी बोलायचं तर मला माझ्या वर्गातल्या पहिल्या दिवसाविषयी बोलावं लागंल, आणि त्या दिवसाविषयी मी आजवर कोणापाशी नीट बोललो नाही. कारण त्याच दिवशी मी हे कॉलेज सोडून गेलो होतो. कायमचा.

जन्म गेला मेंढरांमागं. शाळा चौथीत सुटली. साठी उलटल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, मग बारावी. नातीची, शिवकन्याची, जुनी पुस्तकं होतीच. मग कळप विकला आणि इथं नाव घातलं. आमच्या मंडळी अनुसयाबाई म्हणाल्या, "जनमभर मेंढरं हाकली, आता सोताच कोंडवाड्यात चालले व्हय?"

पहिल्या दिवशी पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा अशा थाटात मी वर्गाच्या दारात उभा राहिलो. अन् काय सांगू, सारा वर्ग ताडकन उभा! आता तुम्हीच सांगा, ज्याच्यासाठी जन्मात कोणी उठलं नाही, त्याच्यासाठी एवढी लेकरं एकदम उठली तर त्याचं डोकं ठिकाणावर राहील का? मी म्हणालो, "बसा, बसा." ती बसली. सारे बाक भरलेले. एकच खुर्ची रिकामी होती. गुडघे दुखून राहिले होते. बसलो.

माझी नियत खोटी नव्हती, अध्यक्ष महोदय. पण सारा वर्ग माझ्या तोंडाकडं बघून राहिला होता, आणि मला गप्प बसवंना. मग मी केलं ते, जे मला येतं. मोजणी. मेंढरं मोजतात तशी जोडी-जोडीनं. मोजता मोजता चेहऱ्यावरनं पारखही केली. पहिल्या बाकावरचा चष्मेवाला हुशार निघणार. मागचा, केस तांबडे रंगवलेला, उनाड, दिवाळीच्या आत पळणार. चष्मेवाला दिवाळीच्या आत पळाला. तांबड्या केसांचा बुद्धभूषण, हा बघा, समोरच बसलाय. तीन वर्षं माझ्यासाठी मोठ्या अक्षरात नोट्स यानंच काढल्या. माझी पारख अशी. मेंढरं मी कशी विकत घेतली असतील, याचा विचार आता मला रात्रंदिवस छळतो.

मोजून झाल्यावर एकेकाला उठवून विचारू लागलो, "कोण्या गावचं? कोणाचं लेकरू?" पोरंही बिचारी सांगू लागली. एवढ्यात दारातून एक पोरगी आत आली. साधा ड्रेस, खांद्याला पिशवी. मी आवाज चढवला, "पहिल्याच दिवशी उशीर? जा, मागं बस."

ती मागं जाऊन, पोरींना सरकवून बसली!

"कोण्या गावची गं?"

"साखऱ्याची."

"कोणाची?"

"रुक्माबाईची."

"बापाचं नाव सांग की."

"आईनं शिकवलं, म्हणून आईचं सांगितलं, काका."

मी म्हणालो, "शाब्बास. पण बोलती लई." आणि तिला धरून पुन्हा मोजलं. ऑफिसात सांगितलं होतं, पट सत्तेचाळीस. माझी मोजणीही सत्तेचाळीस. एकदम बराबर! स्वतःला धरायचं राहिलं होतं आणि धरू नये त्या माणसाला धरलं होतं, म्हणून बराबर.

तेवढ्यात शिपाई हनुमान हजेरीपट घेऊन आला. माझ्याकडं बघितलं, माझ्या शेजारून गेला आणि शेवटच्या बाकाशी जाऊन म्हणाला, "मॅडम, सही करा."

वर्गात जे हसू फुटलं, ते मला अजून ऐकू येतं. मॅडम नव्हत्या हसल्या. "काका, बसा ना," म्हणाल्या. मी ऐकलं नाही. पिशवी उचलली आणि थेट एस.टी. गाठली. दुपारी घरी गेलो तर अनुसयाबाई म्हणाल्या, "काहो, एका दिवसात झालं व्हय बी.ए.?"

मी सांगून टाकलं, "आता जायचं न्हाई." आणि खरंच जाणार नव्हतो. शिकायची हौस फिटली होती. दोन दिवस ओट्यावरून खाली उतरलो नाही.

तिसऱ्या दिवशी हनुमान मोटारसायकल घेऊन दारात. म्हणाला, "मॅडमचा निरोप हाय. पट सत्तेचाळीस, भरून राहिले सेहेचाळीस. साखऱ्याला आमच्या शेजारीबी मेंढरं होती, म्हणाल्या. संध्याकाळी एक कमी भरलं तर धनी जेवत नसतो. मंग मी काय करावं, ते काकालाच इचारून ये."

अनुसयाबाईंनी आतून पिशवी आणली, माझ्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, "उठा. ते लेकरू तिथं उपाशी हाय."

मंडळी, मला कॉलेजात परत कोणी आणलं, ते एवढंच आहे.

यंदाच्या नव्या वर्गातली पोरं मागं बसलीत. सोमवारी मी चुकून तुमच्या दारात डोकावलो, आणि बाबांनो, तुम्हीही ताडकन उभे राहिलात. या वेळी मी 'बसा' म्हणालो नाही. म्हणालो, "मीबी विद्यार्थीच हाय," आणि पळालो. तीन वर्षांत एवढी अक्कल आली, तिचं श्रेय मॅडमचं.

मॅडम, नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी कोणी म्हातारं तुमच्या खुर्चीत बसलेलं दिसलं, तर त्याला उठवू नका. थोडं मागं बसून घ्या.

आता आवरतो. बोलण्यात काही वावगं गेलं असंल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असंल, तर पदरात घ्या. मोजणीत चुकणं ही माझी जुनी खोड आहे. शाल-श्रीफळ आणि फराळाला मात्र मी थांबू शकत नाही. नव्या वर्गाचा पट एकसष्ट आहे, भरून राहिले साठ. जवळा बाजारची एक पोरगी दोन दिवस आली आणि यायची थांबली. नाव सांगत नाही, लाजंल. मॅडमनी आज सकाळी तिचा पत्ता माझ्या हातात दिला. तीनची गाडी आहे.

अध्यक्ष महोदय, आभार. मला गैरहजर मांडू नका.