दिवा जळतोय म्हंजे बघतोय

मी मूळची परभनीकडची बघा, गावाचं नाव सांगून तुम्हाला काय कळनार नाय, लगीन होऊन आले ती इथं नवघरलाच, तवा भाईंदरला एवढ्या बिल्डिंगा नव्हत्या, आता खिडकीतून हात काढला तर समोरच्याच्या ग्रिलला लागतो. मालक गेले, पोरगी दिली, तवापासून म्हातारी मानसं सांभाळायचं काम करते. आनि काय सांगू ताई तुम्हाला, लोकांच्या घरी किती मशीनी बघितल्या, कपडे धुनारी, भांडी घासनारी, भुई झाडत फिरनारी, कुनाचं भ्या नाय वाटलं, पन त्या कॅमेऱ्यावर माझा इस्वास कधीच बसला नाय.

आता ज्या आजींकडं हाय ना मीरा रोडला, त्यांचा एकच लेक, नितीनदादा, ऑस्ट्रेलियाला असतो. आजी बाथरूममधी पडल्या तवा आला, धावतपळत आला, खोटं कशाला बोलू, आनि हॉलमधी टीव्हीच्या वर कॅमेरा लावला, वाटीएवढा, त्याला बारीक निळा दिवा. म्हनला, मावशी, हा तुमच्यासाठी नाहीये, आईसाठी आहे. म्हनलं असं कसं दादा, मी काय त्यात दिसनार नाय का? मग आईला म्हनला, दिवा जळतोय म्हणजे मी बघतोय, इथं सकाळ तेव्हा माझी जेवणाची सुट्टी, रोज बघणार, आणि परत तोल गेलेला दिसला ना, तर काही ऐकून घेणार नाही, पुण्याच्या वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. त्याची टॅक्सी गेटाबाहेर गेली आनि आजींनी माझा हात गच्च धरला, मंगल, मला हे घर सोडायचं नाही गं, काय वाट्टेल ते कर.

मग काय, सुरू झालं आमचं नाटक. रोज सकाळी आजी इस्त्रीची साडी नेसनार, केस नीट बांधनार, आनि काठी न घेता सोफ्याच्या मागनं गॅलरीपर्यंत चालनार, कॅमेऱ्याकडं बघून हसनार, नितीन, जेवलास का रे. आनि मी? मी सोफ्यामागं खाली रांगत, आजींच्या कमरेला हात लावून. या वयात! गुडघ्याची सालं निघाली ताई. वर त्याच पुटपुटनार, बांगड्या वाजवू नकोस, तो ऐकतो. कायबी बोलायचं असलं तर आम्ही किचनमधी नळ सोडून बोलायचो, चोरांसारखं. स्वतःच्या घरात हो!

आनि एक दिवस सोफा संपला तिथंच आजींचा पाय गालिच्यात अडकला, धाडकन खाली, बरोबर कॅमेऱ्याच्या पुढ्यात. मी सगळं इसरून धावले, उचललं, कोपर तेवढं खरचटलं होतं. मग दोघी फोनकडं बघत बसलो. आता वाजंल, मग वाजंल. दुपारी बघते तर आजी जेवल्या नव्हत्या, कपाटातल्या साड्या काढून बॅगेत भरत होत्या, एक घडी घालायची, परत मोडायची.

फोन काय आला नाय. दुसऱ्या दिवशी पन नाय. मला तवाच डाउट आला.

रविवारी दादाचा फोन आला, नेहमीसारखा, हसत बोलला. कशी आहेस आई, रोज बघतो हं तुला, मस्त चालतेस. मी म्हनलं, आजी, रेंज नाय वाटतं, द्या इकडं, आनि फोन घेऊन गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं. म्हनलं, दादा, रोज बघता ना, मग काल आजींनी कुठल्या रंगाची साडी नेसली होती? मग म्हनला, मावशी, खरं सांगतो, मी मोबाईल बदलला, तेव्हापासून ते अ‍ॅप टाकायचं राहूनच गेलंय. म्हनलं कवापासून? म्हनला, दिवाळीपासून असेल. आवो, इकडं होळी होऊन गेली होती! म्हनला, आईला सांगू नका प्लीज.

लई राग आला ताई, माझे गुडघे आठवले. म्हनलं, आता जाते आनि सगळं सांगते. आत गेले तर आजी बॅगेशी बसलेल्या. इचारलं, मी पडले ते दिसलं नाही ना त्याला? म्हनलं, नाय, त्या दिवशी त्यांचं नेट गेलं होतं. म्हनल्या, म्हणजे एरवी बघतो गं, रोज बघतो. आनि उठल्या, एकेक साडी परत कपाटात ठेवायला लागल्या. ते तोंड बघून मी पन खाली बसले आनि साड्यांच्या घड्या घालून द्यायला लागले. सांगितलं असतं तर सकाळी उठल्या असत्या का त्या?

माझी पोरगी म्हनते, आई, तू पन एकटीच असतेस, तुझ्या खोलीत लावू का एक. म्हनलं, नको बाई, मला बघायचं असंल तर रिक्षा कर आनि ये.

आजी अजून चालतात. सोफा संपला तरी आता त्यांना माझा हात लागत नाय, सुखी राहोत बिचाऱ्या. मी मात्र अजून खाली वाकूनच असते. काय सांगावं, त्या दादाला लाज वाटली असंल, परत टाकलं असंल अ‍ॅप. दिवा तर जळतोयच.